दप्तरींचा फ्रीज वीतभर उघडतो

दप्तरींचा जुना फ्रीज एकोणीस वर्षं इमानेइतबारे घरघरून एका मंगळवारी सकाळी गप्प झाला, आणि नवा आणायचं काम दप्तरींच्या गळ्यात पडलं. तसं पाहिलं तर यात सांगण्यासारखं काही नाही. माणसं दुकानात जातात, बोट दाखवतात, घरी येतात, फ्रीज मागून येतो. पण सरळ वाटेला फाटे कसे फुटतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने त्या वाटेवर दप्तरींना पुढे पाठवावं आणि आपण मागून सावकाश चालावं.

दप्तरी हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांनी एकतीस वर्षं फायली लावल्या, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना दप्तरी म्हणते. माणूस शिस्तीचा. घरून निघण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याची मापं घेतली आणि कागदावर लाल शाईने लिहिलं: दार उजवीकडे उघडणारं हवं. हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. कारण त्या कोपऱ्यात उजवीकडे भिंत आणि डावीकडे ओट्याचं टोक पुढे आलेलं. दार उजवीकडे उघडलं तर भिंतीला टेकून ऐसपैस उभं राहणार. डावीकडे उघडलं तर ओट्याच्या दगडावर आपटणार.

जिन्यातच शेजारचे वकील भेटले. यांचाही वकिलीशी काही संबंध नाही. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, पण आयुष्यात त्यांनी सत्तावीस तक्रारअर्ज केले आहेत आणि त्या सगळ्यांच्या प्रती जपून ठेवल्या आहेत.

"दुकानात चाललात?" वकील म्हणाले. "मग एक लक्षात ठेवा. आपल्याला काही नकोच आहे असा चेहरा ठेवायचा. गरज दिसली की तुम्ही संपलात. ते मागे लागले पाहिजेत, आपण नाही."

दप्तरींनी तो चेहरा इतका उत्तम ठेवला की पाऊण तास त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही. दुकान प्रचंड होतं. निळे शर्ट घातलेले पाच-सहा विक्रेते टीव्हीच्या विभागात गोल करून उभे होते आणि त्यातल्या एकाने मोटारसायकल घ्यावी की नाही यावर चर्चा चालली होती. दप्तरी फ्रीजची दारं उघडत आणि लावत राहिले. दोनदा खोकले. एकदा तर एका दाराचा मुद्दाम आवाज केला. चर्चा मोटारसायकलच्या रंगावर पोचली होती. शेवटी दारावरचा पहारेकरी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, कुणाची वाट बघताय का?"

दप्तरींना ते लागलं. एकतीस वर्षं खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माणसाला खिडकीच्या पलीकडे काय वाटतं याची सवय नसते.

एवढ्यात मिक्सरच्या रांगेमागून निळ्या शर्टातल्या एक बाई लगबगीने आल्या. चाळिशीच्या असतील. एका पायाच्या घोट्याला पट्टी बांधलेली. "माफ करा सर, तिकडे एका ताईंना मिक्सर दाखवत होते. तुम्हाला कोणी विचारलं नाही ना?" असं म्हणून त्यांनी दप्तरींचा कागद हातात घेतला आणि चक्क वाचला. दुकानात आपण लिहिलेला कागद कुणी वाचतो, हा दप्तरींच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. बाईंनी ओट्याचं टोक कुठे येतं, घरात माणसं किती, उंचावरचं काढायला त्रास होतो का, सगळं विचारलं. महागडा फ्रीज दाखवायचा सोडून "तुम्हा दोघांना एवढा नको" म्हणाल्या. आणि ऑर्डरच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं: दार उजवीकडे.

निघताना त्यांनी आवाज जरा खाली आणला. "सर, एक विनंती होती. सामान पोचलं की मोबाईलवर स्टार द्यायला सांगतात. पाच द्याल ना? चार दिले तर आमच्यात नापास धरतात."

"चारला नापास?" दप्तरी चकित झाले. त्यांच्या शाळेत पस्तीसला पास धरत.

"हो सर. आणि मी अजून कायम नाही."

तर दप्तरींनी शब्द दिला, आणि शब्दाला जागले. गुरुवारी फ्रीजवाले जिन्यातून "डावीकडून घे, अरे डावीकडून" असं ओरडत वर येत असतानाच मोबाईल वाजला आणि दप्तरींनी पाचही ताऱ्यांवर बोट ठेवलं. खाली विचारलं होतं: आपण किती समाधानी आहात? समाधानी, खूप समाधानी, अत्यंत समाधानी. दप्तरींनी अत्यंत समाधानी निवडलं. कंजूषपणा कशाला करायचा?

फ्रीज कोपऱ्यात बसला. माणसं गेली. दप्तरींच्या पत्नीने, म्हणजे बिल्डिंगच्या काकूंनी, हात पुसून, मोठ्या कौतुकाने दार ओढलं. दार वीतभर उघडलं आणि टाणकन ओट्यावर आपटलं.

काकूंनी दार लावलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा टाण.

"अहो," काकू म्हणाल्या, "हा डावीकडे उघडतो."

दप्तरींनी स्वतः उघडून पाहिलं. नवऱ्याने उघडल्यावर दार दुसरीकडे उघडेल असं काही नसतं, पण प्रत्येक नवऱ्याला एकदा पाहावं लागतं.

वीतभर फटीतून काय काय आत जातं याचा अभ्यास पुढच्या दोन दिवसांत झाला. लिंबू जातं. वाटी जाते. ताट उभं धरलं तर जातं, पण मग त्यातलं काही ताटात राहत नाही. दुधाचं पातेलं जात नाही. खालचा भाजीचा खण बाहेर येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी आत ढकललेला कोबी तिथेच अडकला. काकू खांद्यापर्यंत हात घालून, गाल दाराला टेकवून, नुसत्या बोटांनी चाचपून वस्तू ओळखायला शिकल्या. "हे दही. ही मिरची. हे काय आहे? अगंबाई, हे काय आहे?"

शनिवारी दप्तरी दुकानातल्या ग्राहक सेवा विभागात गेले. विक्री विभाग दुकानात शिरल्याबरोबर लागतो. सेवा विभाग सगळ्यात मागे, शौचालयाच्या शेजारी असतो, आणि तिथे जाणाऱ्याला आपण नक्की कुठल्या रांगेत उभे आहोत हे बराच वेळ कळत नाही. काउंटरवर टाय घातलेला एक गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"बोला सर. दार उघडत नाही का?"

"उघडतं."

"बंद होत नाही?"

"होतं हो. पण उजवीकडे उघडायला हवं ते डावीकडे उघडतं."

टायवाल्याने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. बराच वेळ शोधलं. "सर, यात तसा प्रकार नाहीये. गार होत नाही, आवाज येतो, पाणी गळतं, दिवा लागत नाही, यातलं काही होतंय का?"

"नाही."

"मग तक्रार कुठे आहे?"

"अहो, तुमच्याच बाईंनी ऑर्डरवर लिहिलंय. दार उजवीकडे."

"ते हाताने लिहिलेलं आहे सर. हाताने लिहिलेलं इथे दिसत नाही. इथे दिसतंय की तुम्ही अत्यंत समाधानी आहात." त्याने पडदा दप्तरींकडे वळवला. दप्तरींचं नाव, त्यापुढे पाच पिवळे तारे. कचेरीत असताना दप्तरींच्या वार्षिक अहवालावर साहेबांनी कधी 'बरा' याच्या वर शेरा दिला नव्हता. आणि आज पहिल्यांदा आपल्या नावापुढे तारे दिसत होते, तर ते आपल्याच गळ्यात अडकलेले.

टायवाला मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "असं करू या. दिवा लागत नाही असं टाकतो. मेकॅनिक घरी आला की त्याला काय ते सांगा."

मेकॅनिक आला. उदास चेहऱ्याचा, बोलण्यात काटकसरी माणूस. त्याने फ्रीज उघडला, फटीत डोकं घातलं आणि म्हणाला, "लागतो."

"काय?"

"दिवा."

"हो, तो लागतोच. आमचं म्हणणं दाराचं आहे. हे दार फिरवता येत नाही का?"

"येतं. अर्ध्या तासाचं काम."

दप्तरी आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. "मग करता का?"

"मी रिपेअर. हे काम इन्स्टॉलेशनचं. सही करा. आणि बाहेरच्या कुणाला स्क्रूला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल." असं म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर पाच तारे होते.

इन्स्टॉलेशनला फोन केला. तिथल्या मुलीचं म्हणणं असं की, नव्या फ्रीजची मांडणी तेच करतात, पण हा फ्रीज मांडून झालेला आहे. मांडलेला फ्रीज पुन्हा मांडायचा तर आधी तो मांडलेला नसला पाहिजे. दप्तरींनी हे वाक्य तीनदा ऐकलं, लिहून घेतलं आणि त्याचा अर्थ वकिलांना विचारला. वकील म्हणाले, भाषा पक्की आहे, यात फट सापडत नाही. काकू आतून म्हणाल्या, "फटीचं मला विचारा."

पुढच्या आठवड्यात 'गार होत नाही' या नावाखाली तोच मेकॅनिक आला, आत हात घातला आणि "होतो" म्हणाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात 'आवाज येतो' या नावाखाली आला आणि कान लावून "नाही येत" म्हणाला. सह्या झाल्या. तक्रारी मिटल्या. दप्तरींचा फ्रीज त्या दुकानाच्या इतिहासातला सगळ्यात कसून तपासलेला निर्दोष फ्रीज ठरला.

आता या वेळेपर्यंत वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर मैदानात उतरले होते. ओव्हरसियर म्हणजे ज्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या भिंती पाडल्या आणि आता निवृत्तीनंतर हात शिवशिवतात असे गृहस्थ. त्यांनी कोपरा पाहिला, जीभ टाळ्याला लावून च्यक् च्यक् केलं आणि सांगितलं, "फ्रीज स्वयंपाकघरातच हवा असं कुणी सांगितलं? हॉलमध्ये घ्या."

फ्रीज हॉलमध्ये घ्यायचा म्हणजे सोफा गच्चीत गेला. त्या भिंतीवर वीज नव्हती म्हणून इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने घरभर पांढरी पट्टी फिरवली. फ्रीज मुख्य दरवाज्याशेजारी दिमाखात उभा राहिला. काकूंनी दार ओढलं. संपूर्ण उघडलं! कोबी बाहेर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी वकील अभिनंदन करायला बाहेरून आत यायला निघाले आणि मुख्य दरवाजा फ्रीजच्या दारावर आदळून त्यांच्या नाकावर परत गेला.

तेव्हापासून दप्तरींकडे येणाऱ्याने घंटी वाजवायची आणि आतून "फ्रीज बंद आहे, या" अशी आरोळी येईपर्यंत थांबायचं, असा रिवाज पडला. आलेला माणूस मग फ्रीजला खेटून स्टुलावर बसे. पाणी हवं तर त्याने उठून, स्टूल उचलून, बाहेर जाऊन, दार लावून घ्यायचं. मग काकू आत बाटली काढत आणि त्याला परत बोलवत. चार दिवसांत पाहुणे यायचे बंद झाले. काकूंची धाकटी बहीण तर दारातूनच म्हणाली, "ताई, तहान लागली नाहीये गं मला," आणि गेली.

"मग ओटाच कापू," ओव्हरसियर म्हणाले. हे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. "फक्त चार बोटं. कळणारसुद्धा नाही."

गवंडी आला. चार बोटं दगड कापला. ओट्याखालून पाण्याचा नळ गेलेला होता आणि ही गोष्ट बिल्डिंग बांधली तेव्हापासून कुणालाच माहीत नव्हती; ती त्या दिवशी दुपारी सव्वाबाराला सगळ्यांना एकदम कळली. दीड दिवस सगळ्या बिल्डिंगचं पाणी बंद होतं. दुसऱ्या मजल्यावरचे लोक रिकाम्या बादल्या घेऊन दप्तरींच्या दारात उभे राहिले, आणि दप्तरी आतून सवयीने ओरडले, "फ्रीज बंद आहे, या!" त्या दिवशी त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी एकतीस वर्षांत इतरांना ऐकवलं नव्हतं.

नळ दुरुस्त झाला, फ्रीज परत कोपऱ्यात गेला. काम मात्र चोख झालं होतं. ओटा चार बोटं कमी झाला आणि दार बरोब्बर चार बोटं जास्त उघडलं. दुधाचं पातेलं अजूनही जात नव्हतं.

तेव्हा वकिलांनी चष्मा पुसला आणि अठ्ठाविसावा अर्ज लिहायला घेतला. चार पानं झाली. त्यात 'मानसिक क्लेश' हा शब्द सहा वेळा आणि 'सदरहू दार' अकरा वेळा आलं होतं. अर्ज दुकानाच्या मुख्य कचेरीला गेला, आणि आठ दिवसांत चक्क उत्तर आलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. वकिलांनी मोठ्याने वाचलं आणि मध्येच त्यांचा आवाज बसला. दप्तरींनी दुकानाशी पाच वेळा संपर्क साधला होता आणि एकही तक्रार शिल्लक नव्हती. सबब ते दुकानाच्या पाच 'अत्यंत समाधानी ग्राहकां'मध्ये निवडले गेले होते. रविवारी सकाळी सत्कार. दोन शब्द बोलावे ही विनंती.

अर्जाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"उत्तम!" वकील सावरून म्हणाले. "माईक तुमच्या हातात येणार. सगळ्यांसमोर कपडे उतरवा त्यांचे. भाषण मी लिहितो."

तीन संध्याकाळ भाषणाची तालीम चालली. ओव्हरसियर दुकानदार झाले आणि लाजेने मान खाली घालून बसायचे. दप्तरींचा आवाज दिवसेंदिवस चढत गेला. "सदरहू दार!" असं म्हणून ते टेबलावर मूठ आपटत, तेव्हा त्यांना स्वतःचाच अभिमान वाटे. शेवटच्या तालमीनंतर काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण ते स्टार त्या बाईंच्या नावावर आहेत ना? तुम्ही असं बोललात की त्यांचं काय होईल?"

"सत्य ते सत्य," दप्तरी म्हणाले. पण त्या रात्री त्यांना झोप जरा उशिरा लागली.

रविवारी दुकानाच्या मधोमध फुगे लावले होते आणि पाच खुर्च्या मांडल्या होत्या. दप्तरी चौथ्या खुर्चीवर बसले. शेजारच्या गृहस्थांच्या खिशातून एक घडी केलेला कागद डोकावत होता. दप्तरींनी ओळखीचं हसू केलं. गृहस्थ कुजबुजले, "टीव्ही. रिमोट दुसऱ्याच कंपनीचा दिलाय. सात महिने झाले. आज बोलणार आहे मी."

पलीकडच्या बाईंनी मान पुढे काढली. "माझी गादी. डबल सांगितली, सिंगल आली. आम्ही पाळीपाळीने झोपतो."

पहिल्या दोन खुर्च्यांवर एक नवरा-बायको होते. त्यांचं वॉशिंग मशीन चालू केलं की दारापर्यंत चालत येत असे. पाचही अत्यंत समाधानी ग्राहकांच्या खिशात किंवा पिशवीत एकेक कागद होता. दप्तरींच्या अंगात बळ आलं. वीरांच्या पंगतीत आपण बसलो आहोत असं त्यांना वाटलं.

मग मॅनेजर आला, आणि त्याच्या मागे हातात पाच गुच्छ घेऊन त्याच बाई. मॅनेजर म्हणाला, "हे पाचही ग्राहक आमच्या एकाच सहकाऱ्याचे! यांच्यामुळे मॅडमची पुढच्या महिन्यात कायम नेमणूक होण्याची शिफारस गेली आहे. आजचे अभिप्राय मुख्य कचेरीत ऐकले जाणार आहेत."

एक कॅमेरा लावलेला होता खरा.

बाई हसल्या आणि गुच्छ घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना खुर्ची नव्हती. दुकानात विक्रेत्यांना खुर्ची नसते. बसलेला विक्रेता पाहून ग्राहकाचा उत्साह जातो म्हणे. मॅनेजर वीस मिनिटं बोलला. बाई आधी या पायावर, मग पट्टीच्या पायावर, मग पुन्हा या पायावर भार टाकत होत्या. दप्तरींनी दुसरीकडे पाहायचा प्रयत्न केला. तिकडे मोटारसायकलवाला विक्रेता खांबाला टेकून उभा होता, त्यामुळे पुन्हा इकडेच पाहावं लागलं.

माईक पहिल्या खुर्चीवरच्या नवऱ्याच्या हातात आला. त्याने कागद काढला, बाईंकडे पाहिलं, कागद आत ठेवला. "मशीन... चांगलं चालतं," तो म्हणाला. बायकोने मान डोलावली. गादीवाल्या बाई "गादी मऊ आहे" म्हणून खाली बसल्या. मग माईक दप्तरींकडे आला.

दप्तरी उभे राहिले. वकिलांची चार पानं छातीशी टोचत होती. मागे उभे असलेले वकील भुवया उडवून खुणा करत होते. खोटं बोलायचं दप्तरींच्या जिवावर आलं होतं, आणि खरं बोलायचं त्याहून जास्त. त्यांनी घसा साफ केला.

"फ्रीज गार होतो," ते म्हणाले. "आत दिवा लागतो. आवाज येत नाही. हे तीन वेळा अधिकृतपणे तपासून झालेलं आहे." थोडे लोक हसले. "आणि या बाईंनी माझा कागद वाचला. मी जे सांगितलं ते सगळं नीट ऐकून घेतलं, आणि दार कुठल्या बाजूला हवं तेसुद्धा स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. त्यांच्याकडून काही राहिलं नाही. बाकी मला काही बोलायचं नाही."

टाळ्या पडल्या. रिमोटवाल्या गृहस्थांनी "चित्र छान दिसतं" एवढंच सांगितलं. कुठलं चित्र, ते सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर वकील दहा पावलं पुढेच चालले. बिल्डिंगच्या दाराशी मात्र थांबून म्हणाले, "मी चार पानं लिहिली होती, दप्तरी. चार पानं. आणि तुम्ही ऐन वेळी शेपूट घातलंत." संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजल्यांवर पोचली. ज्यांचं पाणी गेलं होतं त्यांना विशेष आनंद झाला. दप्तरींनी सत्काराचा गुच्छ फ्रीजमध्ये ठेवायचा प्रयत्न केला. गेला नाही.

बुधवारी दुपारी घंटी वाजली. दारात त्या बाई होत्या. निळा शर्ट नव्हता, साधे कपडे, खांद्याला कापडी पिशवी. दप्तरी गोंधळून उभेच राहिले.

"आज माझी सुट्टी आहे," बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, दार कुठल्या बाजूला ते लिहून घेतलं म्हणून. तसं कुणी उगाच सांगत नाही. मी मग कागद काढून पाहिला. गोदामातून उलटा आलाय का?"

काकूंनी त्यांना सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि दार उघडून दाखवलं. टाण.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. ओट्याचा ताजा कापलेला दगड, नळाचं नवं सिमेंट, भिंतीवरची पांढरी पट्टी, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. "हे सगळं यामुळे?"

"किरकोळ आहे हो," दप्तरी म्हणाले.

बाईंनी पिशवीतून दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पाना आणि एक मऊ फडकं काढलं. "गोदामात माणसं करताना मी खूपदा पाहिलंय. फडकं लावून फिरवलं की स्क्रूवर ओरखडा येत नाही. मेकॅनिकलाही कळायचं नाही. काका, तुम्ही दार धरा." 'सर'चे 'काका' कधी झाले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

वरची बिजागरी सुटली. दप्तरींनी दार दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं. काकू स्क्रू एका वाटीत गोळा करत होत्या. उजवीकडच्या छिद्रांवरची टोपणं निघाली, बिजागरी इकडची तिकडे गेली, खालचा खिळा एकदा हातातून निसटून ओट्याखाली गेला आणि तिघांनी पालथं पडून तो शोधला. चाळीस मिनिटांत दार उजवीकडे लागलं. काकूंनी कडी धरली आणि ओढलं. दार निवांत फिरत फिरत भिंतीला जाऊन टेकलं. कसलाही आवाज झाला नाही.

काकूंनी भाजीचा खण पूर्ण बाहेर काढला. आत लावला. पुन्हा बाहेर काढला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या म्हणाल्या एवढंच, "बसा हो. आधी बसा."

बाई खुर्चीवर बसल्या, आणि बसल्यावर पाय लांब करून त्यांनी इतका खोल श्वास सोडला की दप्तरींना आपल्या सत्काराची खुर्ची आठवून शरमल्यासारखं झालं.

"मी तुमच्या मुख्य कचेरीला पत्र लिहितो," दप्तरी म्हणाले. "माझ्या स्वतःच्या अक्षरात. असं काम—"

बाई ताडकन सरळ बसल्या. "नाही काका! कृपा करा. सेल्सच्या माणसाने ग्राहकाच्या घरी जाऊन मालाला हात लावायचा नाही, नियम आहे. कळलं तर कायमचं राहू दे, आहे तेही जाईल. कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका. शेजाऱ्यांनासुद्धा."

त्या पाणी पिऊन गेल्या. दप्तरी जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन स्वयंपाकघरात दाराकडे बघत बसले. दीड महिना जे जे वाईट झालं ते ते त्यांनी साऱ्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं होतं. आज एक गोष्ट चांगली झाली, तर तिची वाच्यता करायची सोय नाही.

संध्याकाळी वकील राग सोडून डोकावले. तीन दिवस न बोलता राहायची त्यांना सवय नव्हती. पाहतात तर काकू दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी फ्रीजमध्ये ठेवत आहेत.

"दार!" वकील ओरडले. "हे कधी झालं? कुणी केलं?"

दप्तरींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पातेल्याकडे पाहिलं.

"दुकानाकडून... झालं," दप्तरी म्हणाले.

वकिलांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे अर्ज लागू पडला! मी म्हणत होतो ना? वर वर गप्प बसले, पण आतून हलले! चार पानं होती, दप्तरी, चार पानं! तुम्ही सत्काराला शेपूट घातलंत तरी माझा अर्ज आत काम करत होता." त्यांनी जिन्यात जाऊन ओव्हरसियरना हाक मारली. ओव्हरसियर आले, त्यांनी दार उघडून पाहिलं आणि "चार बोटं कापली म्हणून एवढं मोकळं फिरतंय" असं म्हणून यशातला आपला वाटा काढून घेतला. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे-तिघे आले. सगळ्यांसमोर वकिलांनी अर्जातला सदरहू दाराचा परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला.

"खरंय का दप्तरी?" दुसऱ्या मजल्यावरच्याने विचारलं. "अर्जानेच झालं?"

दप्तरींच्या ओठावर सगळं आलं होतं: फडकं, पाना, ओट्याखाली गेलेला खिळा, पट्टी बांधलेला पाय. सगळ्या बिल्डिंगसमोर गेलेली अब्रू एका वाक्यात परत आली असती.

"हो," ते म्हणाले. "यांच्याच अर्जाने."

"मग तसं लिहून द्या," वकील म्हणाले. "माझ्या फायलीला लावतो. अठ्ठावीस अर्जांत एवढंच एक उत्तर आलंय हो मला."

दप्तरींनी टेबलाशी बसून कोरा कागद घेतला. वर तारीख घातली, डाव्या बाजूला समास सोडला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदरहू दार श्री. वकील यांच्या अर्जामुळेच उजवीकडे उघडू लागलं आहे. सही केली. मग थोडं थांबून सहीखाली, कुणी न सांगता, कंसात लिहिलं: अत्यंत समाधानी.